‘डीसेग्रिगेशन’ लिहिताना या चुका टाळा

‘१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या विलगीकरणाचा ऐतिहासिक निकाल दिला.’

एका अनुवादाच्या हस्तलिखितात हे वाक्य माझ्या पुढ्यात आलं. व्याकरण चोख, ओघ चांगला आणि अर्थ घडलं त्याच्या बरोबर उलटा. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत बसवणं आधीपासूनच चालू होतं. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. मूळ मजकुरातला शब्द होता डीसेग्रिगेशन. त्यातला सुरुवातीचा ‘डी’ नजरेतून सुटला आणि इतिहास उलटा फिरला.

अनुवादांचं संपादन करता करता हा शब्द अडलेला मी अनेकदा पाहिला आहे. कधी त्याचा अर्थ उलटा होतो, कधी अर्धाच उरतो, तर कधी त्याच्या अंगावर नसलेला अर्थ चढवला जातो. शेवटची चूक सर्वांत चिवट, कारण ती लिहिणाऱ्याला चूक वाटतच नाही. ज्यांनी त्या शाळांच्या पायऱ्या चढण्यासाठी मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, त्यांच्या कामाचं मोजमाप या एका शब्दात असतं. तो ढिलेपणाने वापरला की त्यांनी काय मिळवलं आणि त्यांना काय मिळालंच नाही, हे दोन्ही पुसलं जातं.

शब्द फोडून न पाहणं

लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप आणि ‘से’ म्हणजे बाजूला. सेग्रिगेट म्हणजे कळपातून बाजूला काढणं. त्यापुढे ‘डी’ लागला की ते बाजूला काढणं रद्द होतं. एका शब्दात दोन घटना आहेत. आधी कोणीतरी कुंपण घातलं, मग ते काढावं लागलं. जिथे कुंपण कधी नव्हतंच तिथे डीसेग्रिगेशन होऊ शकत नाही. सुरुवातीपासून सर्वांसाठी खुली असलेली शाळा ‘डीसेग्रिगेटेड’ म्हणवली जात नाही.

मराठीत घोळ होतो तो ‘वि’ या उपसर्गामुळे. विकेंद्रीकरणातला ‘वि’ केंद्रीकरण उलटवतो, म्हणून डीसेग्रिगेशनलाही ‘वि’ने सुरू होणारा शब्द हवा असं वाटतं आणि हात विलगीकरण, विभाजन, विभक्तीकरण यांच्याकडे जातो. पण या तिन्ही शब्दांतला ‘वि’ वेगळं करणारा आहे, लॅटिनमधल्या ‘से’सारखा. म्हणजे हे तिन्ही शब्द सेग्रिगेशनच्या बाजूचे, आणि तिथेही फारसे सोयीचे नाहीत. विलगीकरण म्हटलं की संसर्गाचा रुग्ण डोळ्यांपुढे येतो, विभक्ती म्हटलं की प्रथमा-द्वितीया आणि पृथक्करण म्हटलं की प्रयोगशाळा.

मी सेग्रिगेशनसाठी ‘सक्तीची वांशिक विभागणी’ वापरते. एकदा सांगून झालं की पुढे नुसतं ‘विभागणी’ पुरतं. डीसेग्रिगेशनसाठी नामाच्या मागे लागण्यापेक्षा क्रियापद घ्यावं, म्हणजे विभागणी मोडली, विभागणी उठवली, वेगळं बसवण्याची सक्ती रद्द झाली, शाळा सर्वांना खुली झाली. नाम हवंच असेल तर सरळ ‘डीसेग्रिगेशन’ लिहावं आणि पहिल्या उल्लेखात अर्थ उलगडावा. ‘निर्विलगीकरण’ किंवा ‘अपृथक्करणीकरण’ असले शब्द घडवले तर वाचक दोनदा वाचतो आणि तरीही अर्थाची खात्री होत नाही.

दोन सावलीतले शब्दही सांभाळा. डिसॲग्रिगेशन म्हणजे एकत्र दिलेली आकडेवारी फोडून गटनिहाय मांडणं, उदाहरणार्थ वयोगटनिहाय किंवा वंशनिहाय. शाळांवरच्या एकाच अहवालात दोन्ही शब्द येऊ शकतात, कारण आकडे वंशनिहाय फोडल्याशिवाय विभागणी किती मोडली हे कळत नाही. आणि मेंडेलच्या अनुवंशशास्त्रातलं सेग्रिगेशन वेगळंच आहे. तिथे जनुकांच्या जोड्या सुट्या होतात, त्याला डीसेग्रिगेशन नावाचं उलट टोक नाही.

माणसांना कर्म बनवणं

‘कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं डीसेग्रिगेशन करण्यात आलं.’ हे वाक्य ऐकायला ठीक वाटतं, पण विभागणी मोडते ती संस्थेतली. शाळा, बस, सैन्य, उपाहारगृह, वाचनालय यांचं डीसेग्रिगेशन होतं. माणसांचं होत नाही. विद्यार्थ्यांना कर्म केलं की दोष त्यांच्यातच होता आणि तो दुरुस्त केला, असा वास त्या वाक्याला येतो. जिने नियम केले होते ती संस्था मात्र वाक्यातून नाहीशी होते.

अशीच दुसरी खोड म्हणजे ‘करण्यात आलं’. कोणी केलं? लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलं दाखल झाली. आर्कान्सॉचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवायला राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले होते. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि २५ सप्टेंबरला ती मुलं सैनिकांच्या बंदोबस्तात आत गेली. याचं मराठी ‘लिटल रॉकमध्ये शाळेचं डीसेग्रिगेशन करण्यात आलं’ असं केलं, तर अडवणारा गव्हर्नर गेला, सैनिक गेले आणि रोज त्या कॉरिडॉरमधून चालणारी नऊ मुलंही गेली. कर्ता लिहायची सवय लावली तर या शब्दाच्या निम्म्या चुका आपोआप थांबतात.

दार उघडलं म्हणजे विभागणी संपली असं मानणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या शब्दाचा कस लागतो तो इथेच.

जॉर्ज मॅक्लॉरिन नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ पदव्युत्तर पदवी घेऊन बसलेले होते आणि त्यांना शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची होती. ओक्लाहोमा विद्यापीठाने आधी नकार दिला, मग न्यायालयाच्या दणक्यानंतर १९४८ साली प्रवेश दिला. राज्याने कायदाही बदलला, पण त्यात मेख मारली की शिक्षण ‘विभागणी पाळून’ द्यायचं. मग विद्यापीठाने काय केलं ते पाहा. वर्गाला लागून एक छोटी खोली होती, तिथे ठरवून दिलेल्या मेजावर बसून त्यांनी तास ऐकायचा. वाचनालयात नेहमीच्या वाचनकक्षात बसायचं नाही, पोटमाळ्यावर त्यांच्यासाठी नेमलेलं मेज होतं. उपाहारगृहात नेमलेल्या टेबलावर, आणि इतर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळ्या वेळी जेवायचं.

खटला पुढे सरकला तशी विद्यापीठाने थोडी माघार घेतली. त्यांना वर्गात आणलं, पण त्यांच्या जागेभोवती काही काळ कठडा होता आणि ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’ अशा अर्थाची पाटी होती. पाटी गेली तरी कृष्णवर्णीयांसाठी नेमलेली रांग राहिली. ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की अशा अटींमुळे त्यांच्या अभ्यासात, इतर विद्यार्थ्यांशी होणाऱ्या चर्चेत, विचारांच्या देवाणघेवाणीत अडथळा येतो आणि राज्याला हे करता येणार नाही.

आता सांगा, ओक्लाहोमा विद्यापीठात विभागणी कधी मोडली? ‘१९४८ साली पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला’ हे वाक्य खरं आहे. ‘१९४८ साली विद्यापीठाचं डीसेग्रिगेशन झालं’ हे वाक्य खोटं आहे. त्या गृहस्थांच्या भोवतीचा कठडा वाचताना माझ्या पोटात आजही कालवाकालव होते. प्रवेश आणि विभागणीचा शेवट यांच्यामध्ये एक लाकडी कठडा असू शकतो, आणि आपल्या वाक्यात तो दिसायला हवा.

१९६४च्या नागरी हक्क कायद्याने हाच धडा व्याख्येत घेतला. त्यात डीसेग्रिगेशनचा अर्थ दिला आहे तो असा: विद्यार्थ्यांना सार्वजनिक शाळांमध्ये, ‘आणि त्या शाळांच्या आतही’, वंश, वर्ण, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ न पाहता जागा नेमून देणं. ‘शाळांच्या आतही’ हे शब्द चुकून आलेले नाहीत. इमारत एक आणि वर्ग वेगळे असा तोडगा काढायला किती जण टपले होते, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं.

डीसेग्रिगेशन आणि इंटिग्रेशन एकच समजणं

सर्वांत मोठी चूक ही. ‘एकात्मीकरण’ किंवा ‘एकत्रीकरण’ हा शब्द दोन्हींसाठी सरसकट वापरला जातो. काही प्रमाणात त्याला इंग्रजीच जबाबदार आहे, कारण १९५०च्या दशकातली अमेरिकी वर्तमानपत्रं दोन्ही शब्द अदलून-बदलून वापरत. पण कायद्याच्या आणि चळवळीच्या भाषेत त्यांच्यातला फरक इतका मोठा होता की त्यावर पंधरा-वीस वर्षं भांडणं झाली.

थोडक्यात, डीसेग्रिगेशन म्हणजे वेगळं ठेवण्याची सक्ती काढणं. इंटिग्रेशन म्हणजे एकत्र येणं, एकमेकांत मिसळणं, समान वाटा मिळणं. पहिलं हुकमाने होतं. दुसऱ्याला हुकूम पुरत नाही.

दक्षिणेतल्या विरोधकांनी हा फरक फार लवकर हेरला. १९५५ साली दक्षिण कॅरोलायनातल्या ब्रिग्ज खटल्यात न्यायाधीश जॉन पार्कर यांच्या पीठाने लिहिलं की राज्यघटना इंटिग्रेशनची मागणी करत नाही, ती फक्त भेदभावाला मनाई करते. त्या एका वाक्याच्या आडोशाने अनेक शाळामंडळांनी वर्षानुवर्षं काढली. ‘आम्ही कोणाला अडवत नाही, पालकांनी हवी ती शाळा निवडावी’, असं म्हणायचं आणि हातावर हात धरून बसायचं. व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीत अशीच ‘निवडीची मुभा’ होती. तीन वर्षांनंतरही तिथली ८५ टक्के कृष्णवर्णीय मुलं कृष्णवर्णीयांच्याच शाळेत होती आणि त्या शाळेकडे एकही गोरं मूल फिरकलं नव्हतं. १९६८च्या ग्रीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढ्याने भागणार नाही. दुहेरी व्यवस्था मुळासकट उपटून एकच व्यवस्था उभी करणं हे शाळामंडळाचं कर्तव्य आहे.

१९६४च्या कायद्यातल्या त्याच व्याख्येचं दुसरं अर्धं वाक्यही वाचायला हवं. ते म्हणतं की वांशिक असमतोल दूर करण्यासाठी विद्यार्थ्यांना शाळा नेमून देणं म्हणजे डीसेग्रिगेशन नव्हे. पुढे १९७१ साली स्वान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही व्याख्या न्यायालयांचे अधिकार कमी करत नाही. घटनाभंग झाला असेल तिथे तो निस्तरण्यासाठी मुलांना दूरच्या शाळांत पाठवण्याचे आदेशही देता येतात. म्हणजे १९५५चं डीसेग्रिगेशन, १९६४च्या कायद्यातलं डीसेग्रिगेशन आणि १९७१च्या न्यायालयातलं डीसेग्रिगेशन यांचा पल्ला सारखा नाही. मूळ मजकूर कोणत्या वर्षाचा आहे हे पाहिल्याशिवाय मी या शब्दाला हात लावत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी डिसेंबर १९६२मध्ये नॅशव्हिलच्या भाषणात हा फरक फार नेमका सांगितला. त्यांच्या मांडणीत डीसेग्रिगेशन हे काहीतरी काढून टाकणारं काम आहे आणि ते कायद्याने लादता येतं. इंटिग्रेशन हे घडवणारं काम आहे आणि ते कायद्याच्या हातात मावत नाही. विभागणी उठली पण मनं जुळली नाहीत तर कोपराला कोपर लागतो आणि हृदयं लांबच राहतात, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांनी दोन्ही शब्द एका भाषणात शेजारी ठेवले आहेत. दोन्हींना ‘एकात्मीकरण’ लिहिणाऱ्या अनुवादकाच्या हातात ते भाषण कोसळतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस विल्यम फ्रान्ट्झ प्राथमिक शाळेत गेली. सोबत केंद्र सरकारचे मार्शल होते, रस्त्यावर ओरडणारा जमाव होता. पहिला दिवस तिने मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बसून काढला, कारण गोरे पालक आपापली मुलं शाळेतून काढून नेत होते. पुढचं वर्षभर बार्बरा हेन्री या एकट्या शिक्षिकेने तिला शिकवलं. वर्गात दुसरं मूल नव्हतं. एक शिक्षिका, एक विद्यार्थिनी आणि बाकी रिकामे बाक.

त्या दिवशी शाळेतली विभागणी कायद्याने मोडली, हे अगदी खरं. ‘त्या दिवशी शाळेत एकात्मीकरण झालं’ असं लिहिलं, तर त्या मुलीचं एकटेपण आपण आपल्या हाताने झाकतो. रुबीविषयी लिहिताना ‘शाळा तिला खुली झाली’ एवढंच लिहावं आणि लगेच पुढच्या वाक्यात रिकामा वर्ग दाखवावा.

याच शब्दाखाली आणखी एक गोष्ट दडते. दक्षिणेत शाळा एकत्र करताना पुष्कळदा कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली आणि तिथल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाठवलं गेलं. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या किंवा त्यांना खालच्या जागेवर बसवलं गेलं. ‘एकत्रीकरण’ म्हटलं की दोन प्रवाह येऊन मिळाल्याचं चित्र उभं राहतं. इथे अनेक ठिकाणी एका बाजूनेच सगळं सोडलं होतं.

एका तारखेत सगळं बसवणं

‘१९५४ साली अमेरिकेतल्या शाळांमधली विभागणी संपली.’ ब्राउन खटल्याचा निकाल एकमताचा होता. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी तो लिहिला आणि १८९६च्या प्लेसी निकालातलं ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व सार्वजनिक शिक्षणातून हद्दपार केलं. पण त्या दिवशी एकही शाळा बदलली नाही. कशी आणि कधी बदलायची हे ३१ मे १९५५च्या दुसऱ्या निकालात आलं, आणि तिथे न्यायालयाने वापरलेला शब्दप्रयोग होता ‘सर्व विचारपूर्वक त्वरेने’. विरोधकांनी ‘विचारपूर्वक’ उचललं आणि ‘त्वरेने’ सोडून दिलं. ब्राउन निकालाला दहा वर्षं होत आली तेव्हा दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर एका शाळेत शिकणारी कृष्णवर्णीय मुलं जेमतेम एक टक्क्याच्या आसपास होती.

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची गोष्ट तर माहीत असायलाच हवी. १९५१ साली तिथल्या मोटन हायस्कूलमध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी संप केला होता आणि त्यातून उभा राहिलेला खटला ब्राउनमध्ये सामील झाला. म्हणजे जिथल्या मुलांनी खटला जिंकला त्यांतलीच ही काउंटी. १९५९ साली न्यायालयाने शाळा खुल्या करायला सांगितलं तेव्हा तिने सगळ्या सार्वजनिक शाळांना टाळं ठोकलं, ते १९६४पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नाही. पाच वर्षं. सात वर्षांचं मूल बारा वर्षांचं झालं. त्या मुलापुढे ‘१९५४ साली विभागणी संपली’ हे वाक्य वाचून दाखवता येईल का, असा प्रश्न मी प्रत्येक हस्तलिखिताला विचारते.

म्हणून क्रियापद निवडून घ्या. १९५४ साली विभागणी ‘घटनाबाह्य ठरली’. १९५५ साली ती मोडण्याचा ‘आदेश निघाला’. १९६९ साली अलेक्झांडर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टाळाटाळ पुरे म्हणत ती ‘ताबडतोब’ संपवायला सांगितलं. ‘संपली’ हे क्रियापद एखाद्या ठरावीक जिल्ह्याबद्दल, ठरावीक वर्षाबद्दल बोलत असाल तरच लिहा.

सैन्याबाबतही असंच होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढलेल्या ९९८१ क्रमांकाच्या आदेशाला सगळे सैन्याच्या डीसेग्रिगेशनचा आदेश म्हणतात आणि ते बरोबरही आहे, पण त्या आदेशात ना डीसेग्रिगेशन हा शब्द आहे ना इंटिग्रेशन. त्यात वंश, वर्ण, धर्म वा राष्ट्रीय मूळ न पाहता सर्वांना समान वागणूक आणि समान संधी द्यावी असं म्हटलं आहे. तेव्हा ‘ट्रुमन यांनी सैन्याचं डीसेग्रिगेशन व्हावं असं आदेशात लिहिलं’ असं अवतरण देऊ नका. प्रत्यक्षात कोरियाच्या युद्धात तुकड्या मिसळत गेल्या आणि केवळ कृष्णवर्णीयांची अखेरची तुकडी १९५४ साली बंद झाली.

बस आणि बसिंग

माँटगोमेरीचा बस बहिष्कार आणि बोस्टनचं बसिंग एकाच परिच्छेदात एकमेकांत मिसळलेलं मी पाहिलं आहे. दोन्हींत बस आहे, एवढंच साम्य. माँटगोमेरीत बसमधल्याच आसनांची विभागणी मोडायची होती. ५ डिसेंबर १९५५पासून ३८१ दिवस लोक चालले, आणि ज्या ब्राउडर खटल्याने ती सक्ती उठली त्यातल्या एका वादीने, क्लॉडेट कोल्विनने, रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी आसन सोडायला नकार दिला होता. बसिंगमध्ये बस हे साधन आहे. वस्त्या वेगवेगळ्या, म्हणून मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत न्यायचं. याला ‘बससेवा’ म्हणू नका, ‘बसबंदी’ तर मुळीच नको. ‘मुलांना बसने दूरच्या शाळेत पाठवण्याची योजना’ हे लांब आहे, पण पहिल्या उल्लेखात तेवढं लांब लिहावं लागतंच.

फक्त दक्षिणेची गोष्ट समजणं

बोस्टन, डेन्व्हर, डेट्रॉइट ही दक्षिणेतली शहरं नाहीत. तिथे कायद्यात विभागणी लिहिलेली नसली तरी शाळा विभागलेल्या होत्या, आणि इथे दोन लॅटिन शब्द येतात, डी ज्युरे आणि डी फॅक्टो. पहिल्याचं भाषांतर ‘कायद्याने’, दुसऱ्याचं ‘प्रत्यक्षात’ असं केलं जातं. ते वरवर ठीक आहे, पण पहिल्यात एक खाच आहे. डी ज्युरे व्हायला छापील कायदाच लागतो असं नाही. १९७३च्या कीज खटल्यात डेन्व्हरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळामंडळाने हद्दी आखताना, इमारतींच्या जागा ठरवताना जाणूनबुजून विभागणी राखली असेल तर तीही त्यातच मोडते. म्हणून मी डी ज्युरेसाठी ‘सरकारी कृतीने झालेली’ आणि डी फॅक्टोसाठी ‘सरकारी हेतू सिद्ध न झालेली’ असं लिहिते. थोडं बोजड होतं, पण ‘आपोआप झालेली’ या सोप्या शब्दापेक्षा शंभर पट प्रामाणिक. आपोआप काहीच झालं नव्हतं.

या फरकावर मुलांचं भवितव्य ठरलं. १९७४च्या मिलिकेन खटल्यात डेट्रॉइटच्या आसपासच्या उपनगरांना योजनेत ओढता येणार नाही असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं, कारण त्या उपनगरांनी विभागणी घडवल्याचं सिद्ध झालं नव्हतं. शहरातल्या शाळांत तेव्हा बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती. शहराच्या हद्दीत कितीही फेरवाटप केलं तरी मिसळायला गोरी मुलं पुरेशी नव्हतीच.

आणि विभागणी फक्त गोऱ्या-काळ्यांचीच होती असंही नाही. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा मेंडेझ खटला १९४७ साली, ब्राउनच्या सात वर्षं आधी, अपील न्यायालयात जिंकला गेला होता.

दक्षिण आफ्रिकेचे शब्द अमेरिकेला लावणं

अपार्टहाइट ही दक्षिण आफ्रिकेची १९४८नंतरची राज्यव्यवस्था. १९५०च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाची वंशनिहाय नोंद होती, कोणी कुठे राहायचं हेही कायद्यानेच ठरत होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विभागणीच्या कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणतात. मराठीत दोन्हींना ‘वर्णद्वेष’ म्हणून मोकळं होतात, पण द्वेष ही भावना आहे आणि इथे विषय हुकमांचा, पाट्यांचा, कलमांचा आहे. द्वेष न बाळगणारा तिकीट तपासनीसही विभागणी राबवत होता.

‘कलर्ड’ या शब्दाचंही तसंच. अमेरिकेतल्या जुन्या पाट्यांवर तो सर्व कृष्णवर्णीयांसाठी येतो, दक्षिण आफ्रिकेत ती कायद्याने ठरवलेली वेगळी वर्गवारी होती. जुना दस्तऐवज किंवा पाटी उद्धृत करताना तो आणि ‘निग्रो’ हे शब्द अवतरणात ठेवावेत, आपल्या वाक्यात आणू नयेत.

रीसेग्रिगेशन म्हणजे जुना कायदा परत आला असं लिहिणं

१९९०नंतरच्या लेखनात हा शब्द वारंवार भेटतो आणि बऱ्याचदा त्याचं ‘पुन्हा विभागणी लागू झाली’ असं भाषांतर होतं. लागू कोणी केली नव्हती. न्यायालयाने घातलेली देखरेख उठत गेली. १९९१ साली ओक्लाहोमा सिटीच्या डॉवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असे आदेश कायमचे नसतात. शाळामंडळाने ते प्रामाणिकपणे पाळले आणि जुन्या विभागणीच्या खुणा शक्य तितक्या पुसल्या असतील तर आदेश संपवता येतो. त्या शहराने त्याआधीच लहान मुलांसाठी घराजवळच्या शाळेची पद्धत परत आणली होती. तिच्यामुळे ६४ प्राथमिक शाळांपैकी ११ शाळांत ९० टक्क्यांहून अधिक मुलं कृष्णवर्णीय होणार होती. पाटी नव्हती, कठडा नव्हता, वंशाचा उल्लेख असलेलं कलमही नव्हतं. तेव्हा अशा ठिकाणी ‘शाळा पुन्हा एकाच वंशाच्या होत गेल्या’ असं लिहा, आणि कोणत्या वर्षी, कोणता आदेश उठल्यावर किंवा कोणती पद्धत बदलल्यावर, तेही त्याच वाक्यात द्या.